पट्ट्याची शेवटची वीत

विकायला काढलेल्या जीपचं मागचं दार केशवरावांनी मोठ्या हौसेनं उघडलं आणि दामिनीच्या घशाशी सकाळचा चहा आला. आठ महिन्यांची अंजू तिच्या खांद्यावर होती, लाळेनं ओढणी भिजवत, आणि दारातून जे बाहेर आलं ते आधी या पोरीच्या नाकात गेलं असेल, या विचारानं दामिनीनं तिचं डोकं मानेशी दाबून धरलं. वास आधी फिनाइलचा होता. मग मोगऱ्याच्या उदबत्तीचा. मग काळ्या प्लास्टिकला चोपडलेल्या पॉलिशचा. हे तिघं लग्नघरातल्या माणसांसारखे दारात उभे होते, या या म्हणत. त्यांच्या पाठीमागं चौथा होता. तो पुढं आला नाही. आजारी माणसाला मागच्या खोलीत ठेवून पाहुण्यांना बैठकीत बसवावं, तसा तो आत कुठं तरी पडून होता आणि या तिघांच्या खांद्यांवरून तिच्याकडे पाहत होता. ती एक पाऊल मागं सरली.

"काहून, का झालं?" तिचा नवरा प्रविण म्हणाला.

"वास येऊन राहिला."

"नव्या म्याटिंगचा होय तो," सपरीतून, पुढच्या ओसरीतून, निर्मलाबाई म्हणाल्या. त्या केशवरावांच्या बायको. पदर खोचून, हात पुसत बाहेर आल्या होत्या. "मागच्याच महिन्यात टाकली. नव्या रबराचा वास असाच रायते, माय. दोन दिवसांत जाते."

दामिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. चांगला गोल चेहरा, मोठं कुंकू, डोळ्यांत माया. वाक्यही चांगलं होतं, सरळ, घरगुती. फक्त ते तिला पाठ होतं. कुठं ऐकलं ते आठवेना. पुढचा शब्द कोणता येणार हे मात्र जिभेला आधीच कळलं होतं, शाळेतली प्रार्थना कळते तसं, आणि तेवढ्यानंच तिला कसंसं झालं.

हवी तर तिलाच होती ही जीप. प्रसूतीची रजा संपली होती आणि नर्स म्हणून तिची नवी नेमणूक जांभुळटोल्याच्या उपकेंद्रावर झाली होती. साकोलीच्या पुढं, जंगलाच्या अंगानं, मधे दोन नाले, आणि पावसाळ्यात ते नाले ज्या दिवशी म्हणतील त्याच दिवशी पलीकडे जायचं. सोमवारी हजर व्हायचं होतं. सासूबाईंनी तोड काढलीच होती: पोट्टी माह्यापाशी ठेव, तू क्वार्टरवर राय, ऐतवारी येत जाय. हे त्या इतक्या प्रेमानं म्हणाल्या होत्या की दामिनीला नाही म्हणायला जागाच उरली नव्हती, आणि मोरीचं दार लावून, नळ सोडून, तिनं भिंतीला डोकं टेकलं होतं. मग प्रविणनं जीप काढली. म्हणजे मोबाइलात काढली. तो गावोगाव मोटारपंप दुरुस्त करत फिरायचा, त्यालाही धानाच्या बांधीपर्यंत जाणारी गाडी पाहिजेच होती. चारही चाकं ओढणारी गाडी, जुनी का असेना. सकाळी तुम्हा दोघींना सोडतो, दिवसभर त्याच भागात कामं घेतो, संध्याकाळी तिघं भंडाऱ्याला परत. तीन महिने तो जेवताना एका हातानं भात कालवायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं जीपा सरकवायचा, वरणाचा डाग पडलेल्या काचेवरून हिरव्या, पांढऱ्या, मातकट जीपा, आणि तिला त्या काचेची किळस यायची आणि तरी ती वाकून पाहायची. एकदा तर तिनंच बोट लावून एक थांबवली होती. हीच. मागच्या सीटवर पोरीला आडवं झोपवता येईल एवढी जागा होती म्हणून.

तशी किळस हा शब्द तिच्या धंद्यात चालत नाही. पू, रक्त, वार, जुलाबाची चादर, कुजलेल्या बोटाची पट्टी, हे सगळं तिनं उघड्या हातांनी नाही तरी उघड्या नाकानं केलं होतं आणि त्याच हातानं, धुवून, डबा खाल्ला होता. शरीर घाण करतं तेव्हा ते लपवत नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडण नसतं. पण अंजू झाल्यापासून नाकाला काय झालं होतं देव जाणे. शेजारच्या घरातला नासलेला कांदा तिला कळायचा, बसमधल्या माणसानं काल काय प्यायलं ते कळायचं, प्रविणच्या शर्टावर कोणत्या गावच्या विहिरीचं पाणी उडालं आहे हेसुद्धा कधी कधी. स्वतःचाही वास यायचा. वाळलेल्या दुधाचा, आंबूस, दुपारच्या ताकाच्या गाडग्यासारखा. त्याचीही शिसारी यायची आणि त्याच वासाकडे पोर आंधळ्यासारखी तोंड वळवायची तेव्हा पोटात काहीतरी विरघळायचं. दोन्ही एकदम. सासूबाई म्हणाल्या होत्या, "बाकीच्यायले पोटातून होते, तुले नाकातून झाली वाट्टे पोट्टी." घरात सगळे हसले होते. तीही हसली होती.

प्रविणचा मित्र इश्वर तिकडे जीपखाली शिरला होता. तो मेकॅनिक, त्याच्या शब्दावर गाडी घ्यायची की सोडायची ते ठरणार होतं. नुसते पाय बाहेर होते, आणि त्या पायांतून आवाज येत होता, तंबाखूच्या खर्ऱ्यानं भरलेल्या गालामुळं घोगरा. "चेसी मस्त हाय बे. जंग नाही का काई नाही. रंग मारला वरून, पण मारतेतच लोक." मग तो बाहेर आला, बोट इंजिनातल्या तेलात बुडवून नाकाशी नेलं, अंगठ्यावर चोळलं आणि कडेला पिचकारी टाकली. लाल थेंब तुळशीच्या कठड्यावर उडाले. केशवरावांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. गाडी विकायची आहे म्हणून माणूस आपल्या तुळशीवर थुंकू देतो, हे दामिनीला त्या थुंकीहून घाण वाटलं.

"इंजन नव्यानं बांधलं हाये," इश्वर म्हणाला. "खोटं नाही. हिच्यापेक्षा चांगली नाही भेटत या वयाची."

"घरातलीच होती न," केशवराव म्हणाले. "पोरगा चालवे. आता त्याले पुण्याले नोकरी लागली, सून बी जाईल महिन्या-दोन महिन्यांत. इथं ठेवून का करतो? सदा शेडमधी उभी. पाण्याचा थेंब लागू नाही देल्ला."

पाण्याचं कोणी विचारलं नव्हतं.

निर्मलाबाईंनी तिला हाताला धरून आत नेलं. बसायला नवी सतरंजी, स्टीलच्या ताटलीत चिवडा, पोरीच्या जिभेवर गुळाचा कण. पहिल्यांदा घरात आलेलं लेकरू असं रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत. फ्रॉकचं पिवळं कापड, वर सुपारी आणि एक नाणं, असं सगळं त्यांनी अंजूच्या मुठीत धरवून दामिनीच्या ओटीत टाकलं आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं. त्यांची बोटं ऊबदार होती. "काहाले ओशाळतेस, माय. सौदा होवो का न होवो, पोट्टी तं आमच्या घरी आली न." दामिनीनं वाकून नमस्कार केला. कापड मांडीवर जड झालं. ज्या बाईनं तुझ्या पोरीच्या तोंडात गूळ घातला तिला तू खोटारडी कशी म्हणशील, असं ते कापड तिला विचारत होतं. बरं, खोटारडी कशावरून? नाकावरून? स्वयंपाकघराच्या दारात एक मुलगी उभी होती, पंचविशीची, चहाचा ट्रे धरून. "आमची सून, प्रतिक्षा," निर्मलाबाई म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांचा आवाज एका पायरीनं खाली आला. मुलीनं कप पुढं केला. नखं बारीक कापलेली होती, अगदी मांसापर्यंत, आणि बोटांच्या टोकांची कातडी फिनाइलनं सोलून पांढरी पडली होती. दामिनीनं कप घेतला. चहावर साय आली होती. ती साय ओठाला चिकटली आणि तिला ती थुंकताही येईना, गिळताही येईना.

मग फेरी मारून पाहायचं ठरलं. "वहिनी, बसा न मागं. तुमचीच व्हाची हाये गाडी," इश्वर म्हणाला. प्रविण चालवायला, इश्वर शेजारी, मागं ती आणि अंजू. गावाबाहेर कापणी झालेल्या धानाच्या बांध्या होत्या, धसकटं उभी, मधे मधे तणसाचे ढीग. प्रविणनं चारही चाकांचा दुसरा दांडा ओढला, खालून काहीतरी धडकन बसलं, आणि जीप बांधाच्या धुऱ्यावर नाक वर करून चढली, पलीकडे उतरली, पुन्हा चढली. "पाह्यलं? पाह्यलं का?" तो आरशातून तिला म्हणत होता. त्याची मान लाल झाली होती, कानाच्या पाळ्यासुद्धा. लग्न झाल्यापासून त्याला इतकं खूश तिनं दोनदाच पाहिलं होतं, आणि त्यातल्या एका वेळी तिच्या हातात अंजू होती. तिला त्याच्या त्या मानेवर हात ठेवावासा वाटला. सोमवार तिला दिसला: पोर सीटवर झोपलेली, नाला मागं पडलेला, हा शिट्टी वाजवत. तेवढ्यात वळणावर ऊन आत आलं आणि तिच्या पायाखालच्या म्याटिंगवर पडलं. उन्हानं ते तापलं. आणि चौथा उठून बसला.

तो चिखलाचा वास नव्हता. चिखलाचा वास चांगला असतो, रोवणीच्या दिवसांत पोटऱ्यांना लागलेला. हा घरात शिरलेल्या नदीचा वास होता. कारध्याला, तिच्या माहेरी, सहा वर्षांपूर्वी वैनगंगा तीन दिवस घरात राहून गेली होती. जाताना तिनं सगळ्या वस्तूंवर एक साय ठेवली होती, राखाडी, मऊ, बोट फिरवलं की अभ्रकासारखी चमकणारी; पिठाच्या डब्यात, देवांच्या डोळ्यांत, आईच्या लग्नाच्या फोटोच्या काचेमागं. आणि फ्रिजमध्ये. फ्रिज सहा महिन्यांचा होता. बाबा त्याच्यासमोर उकिडवे बसून बराच वेळ पाहत होते आणि मग म्हणाले होते, "पुसून काढ. चालू होते का पाहू. झाला तं देऊन टाकू कोणाले." ती एकवीस वर्षांची होती, नर्सिंगचं शेवटचं वर्ष. जुना टूथब्रश घेऊन दोन दिवस ती त्या पांढऱ्या पेटीत डोकं घालून बसली. कप्पे, जाळ्या, दिव्याची खोबण. दाराच्या रबराला तीन चुण्या होत्या. पहिली काढली, दुसरी काढली, तिसरीत ब्रश जाईना. मग लिंबू फिरवलं, कापूर ठेवला, आणि चौकाजवळ टपरी टाकणारी पार्वताबाई पाहायला आली. तिनं दार उघडलं, डोकं आत घातलं, बाहेर काढलं. बाबांकडे पाहिलं नाही. पोरीकडे पाहिलं, शिकलेल्या पोरीकडे, उद्या जी लोकांना सुया टोचणार होती. "वास काहाचा येते व, दामिनी?" आणि दामिनी म्हणाली होती, "नव्या रबराचा वास असाच असते, काकू. दोन दिवसांत जाते."

तर हे पाठ होतं ते असं. जीप धुऱ्यावरून खाली आली तसं तिचं पोट एकदम वर आलं आणि तिनं ओठ मिटले. ओकारी आली असती तर बरं झालं असतं. शरीरानं टाकून दिलं असतं तर सुटका होती. पण ते घशाशी येऊन तिथंच बसलं, खारट, कोमट. आणि तिला निर्मलाबाईंची शिसारी आली नाही, केशवरावांची आली नाही. एक एकवीस वर्षांची पोरगी दिसली, तेल लावलेली वेणी, तोंडावर शाळेत पहिला नंबर आल्याचं तेज, आणि तोंडातून सरळ, गोड, घरगुती वाक्य. त्या तोंडावर हात फिरवून ते पुसून काढावं असं वाटलं. कशानं? टूथब्रशनं?

अंगणात परत आले तेव्हा अंजू भुकेनं किंचाळत होती. "मी इथंच पाजतो," दामिनी म्हणाली. सपरीत पुरुष बसले होते. दारं लावून ती मागच्या सीटवर राहिली. पोरीनं तोंड लावलं, दोन झटके दिले, आणि मग तो ओळखीचा ओढा सुरू झाला, पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा. बाहेर प्रविणचं हसणं, इश्वरचं थुंकणं. आत दुधाचा आंबूस वास आणि नदीचा. ती इकडे तिकडे पाहू लागली, चोराच्या नजरेनं. कारण जिनं असं काम केलेलं असतं तिला ठाऊक असतं की हात कुठं पोचत नाही. सीटच्या शिवणी स्वच्छ. दाराचं रबर स्वच्छ, तिन्ही चुण्या. कोणीतरी तिच्यापेक्षा जास्त जीव लावून घासलं होतं. मग तिचं लक्ष कमरेजवळच्या पट्ट्याकडे गेलं. तिनं एका हातानं तो ओढला. आला, काळा, धुतलेला, साबणाच्या वासाचा. आणखी ओढला. माणूस बांधताना लागतो तेवढा आला आणि अडला. तिनं मनगटाला एक वेढा दिला आणि हिसका मारला, तसा तो कुरकुरत, जिथून कधी कोणी बाहेर काढला नव्हता तिथून, शेवटची एक वीत बाहेर आला. ती वीत काळी नव्हती. राखाडी होती, कडक, पापडासारखी, आणि तिच्या अलीकडे सरळ रेघ होती, भिंतीवर राहते तशी. हिसक्यासरशी तिच्यातून बारीक रेती उडाली. थोडी अंजूच्या गालावर पडली आणि उन्हात चमकली.

खिडकीशी प्रतिक्षा उभी होती, हातात पाण्याचा लोटा. पाजणाऱ्या बाईला पाणी द्यायचं असतं. तिनं पट्ट्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती आधी आलीच नाही. आधी आला तो चुकलेल्या कामाचा ओशाळेपणा, झाडून झाल्यावर कोपऱ्यात केर सापडावा तसा.

"तेवढा राह्यला माह्या हातून," ती हळूच म्हणाली.

दामिनीनं काचेची फट वाढवली. "कुठं बुडली?"

"माह्या माहेरी. नदीकाठचं गाव आमचं. राखीले घेऊन आल्ते हे, मागच्या श्रावणात. पाणी चढलं ते समजलंच नाही." तिनं सपरीकडे पाहिलं. "तवापासून घरात तेच आयकून राह्यलो. तुह्या माहेरानं बुडवली. मंग साफ बी तूच कर म्हणे."

"कितीक पाणी होतं?"

"खिडकीच्या वर. आता तुमी हात ठेवला तेथवर." दामिनीनं हात काढला. "इंजन खरंच नवं हाय, ताई. पण वायरीचं का सांगावं. दुरुस्तीनंतर एक डाव मधातच बंद पडली. नाल्यात. ढकलून काढली."

"पाणी होतं नाल्यात?"

"होतं न." मग तिनं लोटा आत दिला आणि तिची सोललेली बोटं काचेवर राहिली. "माहं नाव नका सांगजा. सौदा मोडला तं... तसं बी मीच मोडला म्हणतीन. पण नका सांगजा."

दामिनीनं पाणी प्यायलं. पट्टा सोडला. तो सर्रकन आत गेला, रेघ घेऊन, आणि बाहेर पुन्हा तेवढाच काळा, धुतलेला तुकडा उरला. किती सोपं होतं. तिला वाटलं, या पोरीनं एक वाक्य बोलायचं होतं, नव्या रबराचं, आणि ती बोलली नाही. तिला काय पडलं होतं? ओळख ना पाळख. आणि सोमवार डोळ्यांसमोरून जाईना: सीटवर झोपलेली पोर, नाला. तोच नाला. फक्त आता त्यात गाडी बंद पडलेली होती आणि प्रविण शिट्टी वाजवत नव्हता. अंजू पिता पिता झोपली होती. गालावर रेतीचे तीन-चार कण. तिनं ते ओढणीच्या टोकानं टिपले, मग तेच टोक पुन्हा पाहिलं आणि मुठीत धरून राहिली.

सपरीत पाटावर नारळ ठेवला होता. प्रविणच्या हातात बयान्याचा लिफाफा होता. ती खाली उतरली आणि म्हणाली, "घ्याची नाही."

"काहून, सूनबाई?" केशवराव म्हणाले. "काई खोट दिसली का? दिसली तं सांगा."

त्यांच्या मागं प्रतिक्षा ट्रेमधले कप गोळा करत होती. एक कप दुसऱ्यावर वाजला.

"खोट नाही, काका. मले वास सहन होत नाही."

मग इश्वरनं गालातला खर्रा एका बाजूला केला. "वहिनी, जीप घेऊन राह्यलो का अत्तर?"

हसू फुटलं. केशवराव हसले, निर्मलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि प्रविणही हसला. त्याला हसावं लागलं, हे तिला समजलं. चार माणसांत बायकोनं असं म्हटल्यावर माणूस दुसरं काय करील. तरी त्याचे ते उघडे दात, सुपारीचा कण अडकलेले, तिला सहन होईनात. "लेकुरवाळीचं नाक रायते असं," निर्मलाबाई म्हणाल्या. "माहं बी तसंच झालतं पोराच्या टायमाले. तुमी बयाना ठेवून जा, प्रविणभाऊ. हिचं मी पाहतो."

प्रविणनं लिफाफा पुढं केला.

"तुमाले घ्याची असन तं घ्या," दामिनी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही, वॉर्डातला होता, नातेवाइकांना बाहेर काढतानाचा. "मी आन् अंजू तिच्यात बसनार नाही. सोमवारी नाही, कधीच नाही."

लिफाफा तसाच हवेत राहिला. मग परत खिशात गेला. दामिनीनं पिवळं कापड पाटावर, नारळाशेजारी ठेवलं. निर्मलाबाईंनी ते उचललं आणि पुन्हा तिच्या पिशवीत कोंबलं, जवळजवळ रागानं. "सौदा वेगळा. पोट्टीचं पोट्टीपाशी." आणि त्या हे खरंच म्हणत होत्या. हेच तर तिला पचत नव्हतं. माणसं धड वाईटही नसतात. बाबा फ्रिज देताना पार्वताबाईच्या ठेल्यावर स्वतः चढवून, दोरीनं बांधून देऊन आले होते, वर घोंगडं टाकून, खरचटू नये म्हणून.

इश्वर आपल्या गाडीनं पुढं निघून गेला होता. महामार्गावर फटफटी चालवताना प्रविणची पाठ बोलत होती. लाखनी गेली तेव्हा तो वाऱ्यात म्हणाला, "तीन महिने. तीन महिने पाह्यलं म्या. एका नाकापायी." थोड्या वेळानं, "इश्वर आता साऱ्या भंडाऱ्यात सांगन." आणि मग, आणखी हळू, "पोट्टीले मायपाशीच ठेवा लागते आता, माईत हाय न तुले?" दोघांच्या मधे अंजू कापडात बांधलेली होती, त्याच्या पाठीला गाल लावून. प्रतिक्षाचं नाव सांगायचं नाही, आणि नाव न सांगता काय सांगायचं? पट्टा पाहिला म्हटलं तर तो उलटा फिरून केशवरावांना विचारायला जाईल, आणि पट्टा कोणी धुतला हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्याजवळ सांगण्यासारखं फक्त स्वतःचं होतं. ते सहा वर्षं तिनं ओढून बाहेर काढलं नव्हतं. पूल दिसायला लागला, अलीकडे कारधा.

"थांबवा," ती म्हणाली. "इथं, चौकात."

"तुह्या मायकडं जातेस का आता?"

"नाही. टपरीवर."

पार्वताबाई म्हातारी झाली होती. तिनं आधी पोरीला पाहिलं, मग आईला. "दामिनी व? केवढी झाली. का देऊ, चहा?" टपरीच्या मागच्या बाजूला, गोणपाटाखाली, तो उभा होता. पांढरा रंग पिवळा झालेला, वर बरण्या. दामिनीनं विचारलं, "काकू, हा चालते का?"

"कायचा चालते," पार्वताबाई हसली. "आठ दिवस चालला आन् बसला. आता झाडू, मेणबत्त्या, असंच ठेवतो. कोणापासून घेतल्ता तेही आठवत नाही आता."

"आमच्यापासून," दामिनी म्हणाली. "पुरातला होता. म्या धुतला होता. तुमी मले वास काहाचा इचारलं तं म्या नव्या रबराचा म्हटलं."

पार्वताबाईच्या हातातली गाळणी थांबली. ती हसायची थांबली नाही, पण हसू तोंडावर तसंच राहून आतून रिकामं झालं. प्रविण फटफटीवर बसल्या बसल्या वळला होता. दामिनीनं गोणपाट सारलं आणि फ्रिजचं दार ओढलं. ते चिकटलं होतं. रबर सोडताना ओल्या ओठांसारखा आवाज झाला. "या इकडं," ती नवऱ्याला म्हणाली. "डोकं घाला आत."

"पागल झाली का?"

"घाला म्हणतो न."

तो उतरला, इकडे तिकडे पाहिलं, आणि वाकला. झाडूंच्या, मेणबत्त्यांच्या मधे त्याचं डोकं गेलं. एक श्वास, दोन. बाहेर आला तेव्हा त्याची नाकपुडी एका बाजूला ओढली गेली होती. त्यानं हाताच्या मागच्या बाजूनं नाक पुसलं. मग थबकला आणि तो हात पुन्हा नाकाशी नेला, सकाळी त्या जीपच्या स्टिअरिंगवर होता तो हात.

"हाच होता," तो म्हणाला.

"हाच."

"मले बी आल्ता. म्या म्हटलं फिनाइल असन." त्यानं हात पँटीला पुसला. "पाणी कुठवर होतं?"

"खिडकीच्या वर."

हे तुला कसं ठाऊक, असं त्यानं विचारलं नाही. पार्वताबाईनं दोन कप पुढं सरकवले, दामिनीकडे न पाहता; एक कप जोरात टेकवला, थोडा चहा सांडला. "तुह्या बाबाले सांगजो," ती म्हणाली, "आला होता तो फ्रिज पोचवाले, तवा माह्याइथं चहा प्याला होता म्हणा. दोन कप." दामिनीनं सांडलेल्या चहावर आपल्या ओढणीचं टोक ठेवलं, ज्यात सकाळची रेती होती.

"जांभुळटोल्याच्या क्वार्टरले दार-खिडक्या धड हायेत का?" प्रविण कपात पाहत म्हणाला.

"नाही पाह्यलं अजून."

"उद्या पाहून येऊ. तिघंही." मग कप ठेवत, "मायले मी सांगतो, पोट्टी आपल्यासंग रायन."

उठताना तिनं मागच्या डब्यातून हातांवर पाणी घेतलं, फ्रिजच्या दाराला लागलेले हात, घासून घासून, मनगटापर्यंत, वॉर्डात धुतात तसे. वास घेतला. पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा ती बोटं नाकाशी नेत होती तेवढ्यात अंजूनं कापडातून हात काढला, आईचं बोट पकडलं आणि, ते स्वच्छ झालं होतं की नव्हतं हे तिला कळायच्या आतच, सरळ तोंडात घातलं.